किलबेगनची लॉक डिस्टिलरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयरिश व्हिस्की म्हटलं की लोकांना जेमसन आठवते आणि विषय तिथेच संपतो. पण एका घराण्याने चालवलेली, बुडालेली, भंगारात गेलेली आणि परत उभी राहिलेली डिस्टिलरी बघायची असेल तर किलबेगनला जायला हवं. या जागेबद्दल जे प्रश्न परत परत येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गोष्टच तशी आहे.

ही डिस्टिलरी नक्की कुठे आहे?

आयर्लंडच्या साधारण मधोमध, वेस्टमीथ काउंटीत, किलबेगन नावाच्या छोट्याशा गावात. डब्लिनहून गॉलवेला निघालात की अर्ध्या वाटेच्या जरा आधी हे गाव लागतं. आता मोटरवे गावाबाहेरून जातो म्हणून बरेच जण न थांबता पुढे निघून जातात, पण गावात शिरलात तर ब्रॉस्ना नदीच्या बाजूला जुनी दगडी बांधकामं, उंच धुराडं आणि पाण्यावर फिरणारं मोठं चाक दिसतं, तीच ही जागा. डब्लिनला राहणारी आपली बरीच मंडळी वीकेंडला गॉलवेकडे जात असतात, त्यांना तर ही अगदी वाटेवरच आहे.

१७५७ सालापासून ही लॉक घराण्याचीच होती का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. १७५७ ला सुरुवात केली ती मॅकमॅनस घराण्याने, मॅथ्यू मॅकमॅनस हे नाव सांगितलं जातं. तेव्हाचा पसारा अगदी लहान होता, २३२ गॅलनची एक भट्टी आणि वर्षाला साधारण १,५०० गॅलन माल, म्हणजे आपल्या हिशोबात सात हजार लिटरच्या आत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉड घराणं आलं, ते बिअरही करायचे आणि व्हिस्कीही. १८४१ ला कॉड आणि त्यांचे पार्टनर कफ यांची भागीदारी मोडली आणि जागा विक्रीला निघाली. काळही वाईटच होता, कारण १८३८ पासून फादर मॅथ्यू यांची दारूबंदीची चळवळ आयर्लंडभर पसरली होती, लाखो लोकांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि खप धाडकन खाली आला. अशा वेळी, १८४३ ला, जॉन लॉक यांनी ही डिस्टिलरी हातात घेतली आणि मग पुढची शंभरहून जास्त वर्षं ती लॉक घराण्याची राहिली.

लॉक मालक म्हणून कसे होते? कामगारांना खरंच कोळसा द्यायचे का?

हो, द्यायचे. थंडी सुरू झाली की प्रत्येक कामगाराच्या घरी गाडीभर कोळसा पोचायचा आणि त्याचे पैसे नंतर पगारातून दर आठवड्याला थोडे थोडे कापून घेतले जायचे. फुकट नव्हता, हे लक्षात घ्या, पण हातावर पोट असणाऱ्या माणसाला हिवाळ्याच्या तोंडावर एकरकमी कोळसा घेणं परवडत नाही, आणि आयर्लंडचा ओला हिवाळा ज्याने काढलाय त्याला गाडीभर कोळसा घरात पडलेला असण्याचं मोल वेगळं सांगायला नको. कामगारांसाठी घरं बांधली होती, आणि म्हाताऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या कामगारांना पेन्शन किंवा मदत मिळायची. १८८० च्या दशकात इथे साधारण ७० माणसं कामाला होती. एवढ्याशा गावात ७० पगार म्हणजे किती चुली झाल्या बघा, शिवाय बार्ली विकणारे शेतकरी वेगळे, गाडीवाले वेगळे, पिंपं बनवणारे वेगळे.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे पुढच्या दोन गोष्टी याच्याशिवाय कळत नाहीत.

बॉयलरची गोष्ट खरी आहे की टुरिस्टांसाठी रचलेली?

खरी आहे. १८६६ ला डिस्टिलरीत अपघात झाला आणि बॉयलर निकामी झाला. नशिबाने कोणी दगावलं नाही. पण बॉयलर नाही म्हणजे वाफ नाही, वाफ नाही म्हणजे काम ठप्प, आणि नवा बॉयलर घेण्याइतके पैसे त्या वेळी जॉन लॉक यांच्याकडे नव्हते. मग गावाने वर्गणी काढली, नवीन बॉयलर विकत घेतला आणि लॉकना भेट दिला. सोबत जाहीर पत्र दिलं, ते तिथल्या पेपरात छापूनही आलं. त्या पत्राचा सूर फार सुंदर आहे: अपघाताचं वाईट वाटतं, पण तुमच्याबद्दल आमच्या मनात जे आहे ते दाखवायची संधी आम्ही कधीची शोधत होतो ती या निमित्ताने मिळाली, अशा अर्थाचं ते लिहिलंय.

मालक कामगारांना मदत करतो अशा गोष्टी खूप ऐकायला मिळतात. गावाने मालकाला कारखान्याचं मशीन घेऊन दिल्याची गोष्ट मला तरी दुसरी माहीत नाही, आणि मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोलाची तीच वाटते. गावकऱ्यांचा स्वार्थ होताच की, डिस्टिलरी बंद पडली तर त्यांचीच घरं बसणार होती. पण नुसत्या स्वार्थासाठी कोणी असं पत्र लिहीत नाही.

आणि आगीत पिंपं रस्त्यावरून घरंगळत नेली ती?

तीही खरी, १८७८ ची. नमुने तपासायच्या खोलीत आग लागली आणि बघता बघता पसरली. दारूच्या कारखान्यात आग म्हणजे काय हे सांगायला नको, सगळीकडे स्पिरिट, लाकूड आणि धान्याची धूळ. गोदामात वर्षानुवर्षं मुरत ठेवलेली व्हिस्की होती, ती पेटली असती तर लॉक घराणं त्या रात्रीतच संपलं असतं, कारण व्हिस्कीच्या धंद्यात खरी संपत्ती इमारतीत नसते, मुरत पडलेल्या मालात असते. गावकऱ्यांनी गोदामाची दारं फोडली आणि पिंपं ढकलत ढकलत रस्त्यावर काढली. म्हणून माल वाचला आणि डिस्टिलरी पुन्हा चालू झाली.

भरभराटीच्या काळात किती माल निघायचा?

१८८७ च्या आसपास वर्षाला १,५७,२०० गॅलन, आणि क्षमता दोन लाख गॅलनची होती. मॅकमॅनसांच्या दीड हजार गॅलनशी तुलना केलीत तर कळेल सव्वाशे वर्षांत काय झालं ते. माल डब्लिनला जायचा, लंडन, लिव्हरपूल, ब्रिस्टलला जायचा आणि ब्रिटिशांच्या वसाहतींमध्येही. तोवर कारभार जॉन लॉक यांच्या मुलांकडे, जॉन एडवर्ड आणि जेम्स हार्वी यांच्याकडे आला होता. १८९३ ला त्यांनी ४०,००० पौंड भांडवलाची लिमिटेड कंपनी केली, पण ताबा घराण्याकडेच राहिला.

ते पाण्याचं चाक अजून फिरतं का? आत काय बघायला मिळतं?

फिरतं, आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. ब्रॉस्नाचं पाणी पाटाने आणून या चाकाखालून सोडलंय, चाक फिरलं की आतले दांडे आणि दात्यांची चाकं फिरतात आणि त्यावर धान्य दळायची जाती, ढवळायची यंत्रं, पंप असं सगळं चालायचं. नदीला पाणी कमी झालं किंवा जास्त आलं की पंचाईत व्हायची, म्हणून १८८७ ला ग्लासगोच्या एका कंपनीचं वाफेचं इंजिन बसवलं, ते अजून तिथे आहे. धान्य आणि गरम पाणी कालवायची बिडाची मोठाली उघडी भांडी आहेत, त्यातून गोड पाणी निघायचं, ते लाकडी टाक्यांत यीस्ट घालून आंबवायचं आणि मग तांब्याच्या भट्टीत गाळायचं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की एकेक पायरी डोळ्यासमोर उलगडत जाते, स्टीलच्या बंद टाक्या असलेल्या आजच्या फॅक्टरीत हे असं दिसत नाही.

मग एवढी चांगली चाललेली डिस्टिलरी बुडाली कशी?

एका कारणाने नाही, आणि फक्त हीच बुडाली असंही नाही, अख्खा आयरिश व्हिस्कीचा धंदाच बसला.

पहिलं म्हणजे तंत्र. इनिअस कॉफी नावाच्या माणसाने, जो आयर्लंडमधला एक्साइज अधिकारी होता, १८३० ला अखंड चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट घेतलं. स्वस्तात, न थांबता स्पिरिट मिळायला लागलं. स्कॉटलंडवाल्यांनी ते उचललं, त्याचं ब्लेंड, म्हणजे दुसऱ्या व्हिस्कीबरोबर मिश्रण, करून जग जिंकलं, आणि आयर्लंडच्या मोठ्या घराण्यांनी मात्र ही व्हिस्कीच नव्हे म्हणून पाठ फिरवली. त्यांच्या चवीच्या आग्रहाबद्दल मला आदर आहे, पण धंदा त्यात गेला.

मग १९१९ ते १९२१ चं स्वातंत्र्ययुद्ध, १९२० ला अमेरिकेत लागलेली दारूबंदी, म्हणजे एक मोठं गिऱ्हाईकच बंद, आणि १९३२ ते १९३८ ब्रिटनशी व्यापारयुद्ध. किलबेगनला १९२४ ते १९३१ सात वर्षं एक थेंबही गाळला नाही. बरेचसे कामगार काढावे लागले आणि जुना माल हळूहळू विकून कंपनी जिवंत ठेवली. आणि व्हिस्कीच्या धंद्यात आज गाळलं नाही तर त्याचा फटका पाच-दहा वर्षांनी परत बसतो, कारण तेव्हा विकायला मुरलेला माल नसतो.

१९३१ ला भट्ट्या परत पेटल्या. त्या वर्षी ८३ पौंड तोटा होता आणि १९३९ ला ६,७०० पौंड नफा झाला. म्हणजे मरता मरता सावरले होते.

१९४७ चं लॉक प्रकरण काय होतं?

हे नीट सांगायला हवं, कारण यात एका देशाचं सरकार हललं.

तोवर डिस्टिलरी घराण्यातल्या दोन बहिणींकडे आली होती, जॉन एडवर्ड यांच्या मुली, गावात सगळे त्यांना फ्लो आणि स्वीट याच नावांनी ओळखायचे. १९४७ ला त्यांनी डिस्टिलरी विकायला काढली. इमारत आणि यंत्रं जुनाट झाली होती, पण गोदामात मुरलेली व्हिस्की होती आणि महायुद्धानंतरच्या युरोपात तिला सोन्याचा भाव होता. स्वित्झर्लंडच्या एका कंपनीच्या नावाने ३,०५,००० पौंडांची ऑफर आली. बोलवा अशी होती की या लोकांना डिस्टिलरीशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचा डोळा ६०,००० गॅलन साठ्यावर होता, जो इंग्लंडच्या काळ्या बाजारात गॅलनला ११ पौंडांनी गेला असता. हिशोब करून बघा, साडेसहा लाख पौंडांच्या वर, म्हणजे किमतीच्या दुप्पट.

पण डिपॉझिटचेच पैसे भरले गेले नाहीत. चौकशी झाली तेव्हा कळलं की मॅक्सिमो नाव लावून वावरणारा त्यांच्यातला एक जण भलताच कोणीतरी आहे आणि स्कॉटलंड यार्ड त्याच्या मागावर आहे. त्याला बोटीत बसवून इंग्लंडला रवाना केलं तर हा पठ्ठ्या मध्येच पाण्यात उडी मारून पसार झाला.

इथवर नुसती फसवाफसवी होती. पण ऑलिव्हर फ्लॅनगन नावाच्या विरोधी खासदाराने संसदेत आरोप केले की सत्ताधारी फियाना फॉल पक्षाची मंडळी या व्यवहारात गुंतली आहेत, आणि रोख थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांपर्यंत गेला. हे तेच डी व्हॅलेरा, आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्यावरच्या लिखाणात ज्यांचं नाव येतं. न्यायाधीशांची चौकशी समिती बसली, तिने आरोप फेटाळून लावले. पण महिनोन् महिने पेपरांत हेच चालू होतं आणि १९४८ च्या निवडणुकीत सोळा वर्षं सत्तेत असलेला पक्ष सत्तेबाहेर गेला. फक्त या प्रकरणामुळे नाही, महागाई होती, नवा पक्ष आला होता, पण याचाही वाटा होता. फ्लॅनगन मात्र पुन्हा निवडून आला.

आणि किलबेगनचं काय झालं? ज्या डिस्टिलरीचं नाव एवढं गाजलं तिला मग दुसरा कोणी खरेदीदार मिळेना. ज्यांचा काही दोष नव्हता त्या कामगारांच्या वाट्याला हे आलं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

मग त्या प्रकरणानेच डिस्टिलरी बंद पडली?

सरळ नाही. उलट १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, डोक्यावर मोठं कर्ज असतानाही, त्यांनी नव्या यंत्रसामग्रीवर पैसे घातले. घाव बसला तो एप्रिल १९५२ ला, सरकारने स्पिरिटवरची ड्युटी, म्हणजे कर, २८ टक्क्यांनी वाढवली आणि देशातला खप कोसळला. व्हिस्की सरकारी कुलपात असते, ड्युटी भरल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. १९५३ च्या नोव्हेंबरला ख्रिसमसच्या ऑर्डरी हातात होत्या, माल गोदामात होता आणि तो सोडवायला ड्युटीचे पैसे नव्हते. तिथे काम थांबलं. माझं मत विचाराल तर लॉक घराण्याला त्या भामट्यांपेक्षा या ड्युटीने जास्त मारलं.

बंद झाल्याचं साल कुठे १९५३, कुठे १९५७, कुठे १९५८ का दिसतं?

गाळणं थांबलं १९५३ ला. कंपनी कशीबशी चालू राहिली आणि नोव्हेंबर १९५८ ला कर्जरोख्यांची मुदत संपली, पैसे देता आले नाहीत, बँकेने रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेऊन देणी वसूल करणारा माणूस, नेमला. १९५७ हे साल लोक बहुतेक १७५७ पासून बरोबर दोनशे वर्षं होतात म्हणून सांगतात.

तिथे नंतर डुकरं पाळली होती म्हणतात, खरं का?

खरं आहे. १९६२ ला हॅम्बर्गहून आलेल्या एका व्यावसायिकाने जागा १०,००० पौंडांना घेतली, साठा विकला, आणि पुढच्या वर्षी तिथे डुकरं ठेवली. १९६९ ला जागा पुन्हा विकली गेली, मग अवजड यंत्रांचा धंदा आला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तांब्याच्या भट्ट्या आणि त्यांच्या नागमोडी नळ्या काढून भंगाराच्या भावाने विकल्या. जाती, चाक, इंजिन, बिडाची भांडी राहिली, बहुधा ती काढून न्यायचा खर्चच जास्त झाला असता म्हणून.

एवढं होऊनही लायसन्स कसं टिकलं?

वर्षाला पाच पौंड फी होती, बस्स. डिस्टिलरी बंद झाल्यावर ज्या ज्या मालकाच्या हातात ती गेली त्याने ही फी न चुकता भरली. गाळायला भट्टी नाही, माल नाही, तरी गाळायचा परवाना चालू! पुढे काम परत सुरू करताना याचा फार उपयोग झाला.

परत उभी कोणी केली?

आधी गावाने. १९८२ ला गावातल्या लोकांनी जतन आणि विकासासाठी संस्था काढली, स्थानिक पातळीवर पैसे उभे केले, पडझड दुरुस्त केली, चाक पुन्हा फिरतं केलं आणि म्युझियम म्हणून जागा उघडली. म्हणजे १८६६, १८७८ आणि १९८२, तीन वेळा किलबेगनच्या लोकांनी ही डिस्टिलरी वाचवली, आणि तिसऱ्या वेळी तर पगार देणारा मालकही राहिला नव्हता. कुठल्याही जाहिरातीत घराण्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, पण गावाचं नावही तितकंच मोठं असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग आली कूली. तोवर आयर्लंडमध्ये दोनच डिस्टिलऱ्या उरल्या होत्या, दक्षिणेला मिडलटन आणि उत्तरेला बुशमिल्स, आणि दोन्ही एकाच कंपनीच्या. १९८७ ला जॉन टीलिंग यांनी लाउथ काउंटीत सरकारचा बंद पडलेला अल्कोहोलचा कारखाना घेऊन कूली डिस्टिलरी काढली आणि सोबत किलबेगनची मालमत्ता आणि नावंही घेतली. कूलीची व्हिस्की किलबेगनच्या जुन्या दगडी गोदामात मुरायला लागली. २००७ ला, २५० वर्षं झाली तेव्हा, इथे भट्टी पुन्हा पेटली, आणि त्या दिवशी मॅकमॅनस, कॉड आणि लॉक या तिन्ही घराण्यांचे वंशज हजर होते. भट्टी टलमोरच्या जुन्या डिस्टिलरीतली, पावणेदोनशे वर्षांच्या वरची, वापरात असलेली जगातली सगळ्यात जुनी व्हिस्कीची भट्टी म्हणून ती ओळखली जाते. २०१० ला धान्य कालवायची आणि आंबवायची भांडी बसली आणि मग धान्यापासून स्पिरिटपर्यंत सगळं इथेच व्हायला लागलं.

आता मालक कोण? लॉक घराण्याचं काही आहे का?

मालकी नाही. कूलीला २०१२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या बीम कंपनीने घेतलं, व्यवहार साधारण साडेनऊ कोटी डॉलरचा होता, आणि २०१४ ला बीमला जपानच्या सनटोरीने घेतलं.

सगळ्यात जुनी डिस्टिलरी बुशमिल्स की किलबेगन?

बुशमिल्स १६०८ सांगते, पण तो राजाने त्या भागात दारू गाळायला दिलेला परवाना आहे, तिथली कंपनी १७८४ ची. किलबेगन १७५७ सांगते, पण मध्ये पन्नासहून जास्त वर्षं भट्टी थंड होती. लायसन्सचं सातत्य धरलं तर किलबेगनचा दावा मला जास्त पटतो.

आपल्याकडच्या व्हिस्कीत आणि यात मूळ फरक काय?

धान्य. आपल्याकडे स्वस्तातल्या बऱ्याच व्हिस्कीत उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं, महाराष्ट्रात साखर कारखाने एवढे आहेत की हे ओघानेच आलं. युरोपात अशा मालाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. आयरिश व्हिस्की धान्याचीच हवी, आयर्लंडमध्येच लाकडी पिंपात कमीत कमी तीन वर्षं मुरलेली हवी आणि बाटलीत किमान ४० टक्के हवी. पॉट स्टिल नावाच्या खास आयरिश प्रकारात मोड आणून वाळवलेली बार्ली आणि कच्ची बार्ली दोन्ही प्रत्येकी किमान ३० टक्के लागते. कच्च्या बार्लीमुळे जिभेवर एक दाट, जरा तिखटसर चव येते. माल्टवर, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीवर, कर होता म्हणून कच्ची बार्ली वापरायला लागले असं सांगतात, पण चव लोकांना आवडली म्हणून ती पुढे टिकली.

बाटलीवर किलबेगन लिहिलंय म्हणजे ती याच डिस्टिलरीत गाळलेली का?

नेहमी नाही. दुकानात सहज मिळणारी साधी किलबेगन ही ब्लेंड आहे आणि ती मुख्यतः कूलीला गाळलेली असते. खास याच गावात गाळलेली आणि इथेच मुरलेली हवी असेल तर स्मॉल बॅच राय बघा, २०१८ ला आली, डिस्टिलरी परत सुरू झाल्यावर पूर्णपणे इथली अशी ती पहिलीच, आणि त्यात साधारण ३० टक्के राय नावाचं धान्य आहे. त्यानंतर सिंगल पॉट स्टिल आली, तिच्यात थोडे ओट्सही घालतात, लॉकांच्या काळात घालायचे तसे. दोन्हींपैकी एकच घ्यायची असेल तर मी दुसरी घेईन, आणि पहिला घोट तरी पाणी-बर्फ न घालता घ्या.